वयोमानानुसार आवाज का बदलतो? वडिलांचा बारीक, आत्याचा जाड

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. वाढत्या वयात स्वरयंत्राच्या स्नायूंमध्ये नेमके काय होते आणि त्यावर काही करता येते का, हे येथील जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ७३ वर्षांचे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळांतून ते आयुष्यभर नारदीय कीर्तन करत आले आहेत. पूर्वी ध्वनिक्षेपक नसला तरी त्यांचा शब्द सभामंडपाबाहेर पायरीवर बसलेल्या माणसापर्यंत स्वच्छ पोहोचत असे. अलीकडे आवाज बारीक आणि किंचित वर चढल्यासारखा झाला आहे, त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते, आणि पूर्वरंगाचे निरूपण संपेपर्यंत तो इतका थकतो की उत्तररंगातले आख्यान त्यांना कसेबसे ओढून न्यावे लागते. पदाची जी ओळ एका दमात होत असे, तिथे आता मध्येच श्वास घ्यावा लागतो, आणि तो शब्द तोडून घ्यावा लागला की त्यांना फार वाईट वाटते. सकाळी आवाज त्यातल्या त्यात बरा असतो. संध्याकाळी फोनवर समोरच्याला ‘काय म्हणालात?’ असे पुन्हा पुन्हा विचारावे लागते.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, ६६ वर्षांची आहे आणि तिचे अगदी उलटे झाले आहे. तिचा आवाज खाली उतरला असून त्याला जाडी आली आहे. बँकेतून फोन आला की पलीकडची मुलगी तिला हमखास ‘हो सर’ म्हणते, आणि आत्याने आता दुरुस्ती करणेही सोडून दिले आहे. भजनी मंडळात तिच्यासाठी पूर्वी पेटी काळी चारात धरत असत, ती आता पांढरी चारात धरावी लागते.

अण्णांना गावातल्या डॉक्टरांनी गुळण्या करायला सांगितल्या आणि ‘वय झाले, कीर्तन बंद करा, बोलणे कमी करा’ असा सल्ला दिला. एकाच घरातल्या भावाबहिणींचे आवाज वयामुळे विरुद्ध दिशांना कसे जातात? हातापायांचे स्नायू व्यायामाने टिकतात तसे स्वरयंत्राचे टिकतात का? आणि बोलणे कमी करण्याने खरोखर फायदा होतो का? अण्णांनी कीर्तन सोडावे असे मला वाटत नाही, पण त्यांच्या हट्टामुळे घशाची हानी होत असेल तर तेही नको आहे.

कंठमणी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. आपण लक्षणे बारकाईने लिहिली आहेत, तरी प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान होत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

स्वरतंतू दोन असतात. पुरुषांत त्यांची लांबी साधारण १७ ते २१ मिलिमीटर आणि स्त्रियांत ११ ते १५ मिलिमीटर असते. जपानमधील मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात त्यांची जी रचना मांडली ती आजही आमच्या शिक्षणाचा पाया आहे. आत स्नायूचा गाभा असतो आणि त्यावर अतिशय मऊ, थरांचे आवरण असते. गाभा स्वरतंतूचा आकार आणि ताण ठरवतो, तर फुप्फुसातून येणाऱ्या हवेने आवरण लहरते. बोलताना ही लहर पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा आणि स्त्रियांत २०० च्या आसपास उठते, आणि हा आकडा जितका मोठा तितका आवाज उंच ऐकू येतो.

गाभ्यातल्या स्नायूला थायरोअ‍ॅरिटिनॉइड म्हणतात. तो आकुंचन पावला की स्वरतंतू आखूड व जाड होतो आणि त्याची कड मध्यरेषेकडे फुगून येते, त्यामुळे दोन्ही कडा नीट जुळतात. क्रायकोथायरॉइड नावाचा दुसरा स्नायू स्वरतंतू ताणून लांब करतो आणि स्वर चढवतो. कडा मिटवायला आणखी काही स्नायू हातभार लावतात, मात्र त्या उघडण्याचे काम मागच्या बाजूच्या एकाच जोडीकडे असते. वाढत्या वयात गाभ्यातल्या स्नायूचे तंतू संख्येने आणि जाडीने कमी होतात, त्यांना आज्ञा देणाऱ्या चेतातंतूंची संख्या घटते आणि चेता व स्नायू यांच्या जोडणीची जागाही झिजते. मांडीचा किंवा दंडाचा स्नायू म्हातारपणी जसा उतरतो तीच ही प्रक्रिया आहे, फक्त इथे सारा हिशोब मिलिमीटरच्या अंशांत चालतो. स्वरतंतूची कड सरळ राहत नाही, ती मध्यभागी बाहेरच्या बाजूला वाकते, आणि तोंडाने ‘ई’ म्हणताना जिथे कडा पूर्ण मिटायला हव्यात तिथे मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती अशी फट राहते. त्या फटीतून हवा फुकट जाते. आपल्याला आवाजात मिसळलेली वाटणारी हवा आणि ओळीच्या मध्येच संपणारा दम यांचे कारण बहुधा तेच असावे.

आता भाऊ-बहीण विरुद्ध दिशांना का गेले ते पाहू. पुरुषाचा स्वरतंतू मुळात जाड असतो. त्यातला स्नायू रोडावला की लहरणारे वजन घटते, शिवाय आवरणातले कोलॅजन वाढून विस्कळीत होते आणि त्याला मऊ ठेवणारे हायलुरॉनिक आम्ल कमी होते, म्हणून आवरण ताठर बनते. हलकी आणि ताठ वस्तू वेगाने लहरते, म्हणून साठीनंतर अनेक पुरुषांचा बोलण्याचा स्वर वर सरकतो. स्त्रियांतही स्नायू काही प्रमाणात बारीक होतो, पण रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव तुलनेने वाढतो आणि आवरणाच्या वरच्या थरात सूज व जाडी येते. वजन वाढले की लहर मंदावते आणि स्वर उतरतो. आत्यांचे काळी चारावरून पांढरी चारावर येणे, म्हणजे सेकंदाला साधारण २०८ लहरींवरून १७५ च्या आसपास येणे, यात त्यामुळे आश्चर्य काही नाही.

स्नायूंइतकेच इतर गोष्टींचेही महत्त्व असते, त्या थोडक्यात सांगतो. स्वरयंत्राच्या कूर्चा तारुण्यापासूनच हळूहळू हाडासारख्या कठीण होऊ लागतात, तिथले इवलेसे सांधे झिजतात, ओलावा देणाऱ्या ग्रंथी कमी काम करतात आणि छातीचा पिंजरा ताठ झाल्यामुळे एका श्वासात वापरता येणारी हवा घटते. अण्णांच्या बाबतीत फाटक्या भात्याच्या पेटीवर गाणे धरावे तसे झाले आहे: हवेचा पुरवठा कमी आणि गळती जास्त. ही तूट भरून काढण्यासाठी माणूस नकळत मानेचे स्नायू आवळतो आणि खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या एकमेकींवर दाबून आवाज काढतो. पूर्वरंग संपेपर्यंत येणारा थकवा मुख्यतः या दाबाचा असतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. ‘वय झाले’ हे निदान सर्वांत शेवटी करायचे असते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर स्वरयंत्र आतून पाहिल्याशिवाय कोणीही त्याला वयाचे नाव देऊ नये, आणि विडी, सिगारेट वा तंबाखूची सवय असेल तर मुळीच नाही. कर्करोग, स्वरतंतूचा पक्षाघात आणि कंपवात ही तिन्ही दुखणी सुरुवातीला साध्या बसलेल्या आवाजासारखी दिसू शकतात. डाव्या स्वरतंतूची चेता मानेतून थेट येत नाही. ती छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन पुन्हा वर येते. त्यामुळे छातीतली गाठसुद्धा पहिल्यांदा आवाजातून जाणवू शकते. आत्यांच्या बाबतीत थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावले तरी आवाज जाड होतो.

तपासणीला घाबरण्याचे कारण नाही. नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून काही मिनिटांत स्वरतंतू पडद्यावर दिसतात, आणि स्ट्रोबोस्कोपची लुकलुकणारी प्रकाशयोजना असेल तर त्यांची लहर संथ केल्यासारखी पाहता येते. जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशातून पद्धतशीर पाहिले ते मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये, तेही दातांच्या डॉक्टरांचा आरसा स्वतःच्याच घशात धरून. ते डॉक्टर नव्हते, गायनाचे शिक्षक होते, आणि पुढे १०१ वर्षे जगले. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी असे मला नेहमी वाटते.

रानजाई

माझ्या सासऱ्यांना ज्येष्ठमधाची कांडी चघळण्याने आणि झोपताना हळदीच्या दुधाने पुष्कळ उतार पडला होता. खडीसाखर व मिऱ्याची पूडही चालते. डॉक्टरांकडे धावण्याआधी अण्णांना हे करून पाहायला हरकत नसावी.

वाचोपचार

रानजाईताई, ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते हे खरे आहे आणि लाळ सुटल्यामुळे कोरडेपणाही थोडा कमी होतो. परंतु गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही. तशी ती गेली तर जोराचा ठसका लागतो. दूध, मध, काढा हे सारे मागच्या अन्ननलिकेत उतरते. गुळण्यांचेही तसेच आहे, त्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. स्वरतंतूंना थेट ओलावा मिळतो तो श्वासातून, म्हणून साधी वाफ घेणे उपयोगी पडते, आणि बाकीचा ओलावा दिवसभर पुरेसे पाणी प्यायल्याने आतून येतो. शिवाय ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, हे अण्णांच्या वयात विसरून चालणार नाही. आणि तपासणी कशासाठीही लांबवू नये, याबाबत मी वरच्या डॉक्टरांशी पूर्णपणे सहमत आहे.

मी वाचा व आवाज यांच्या उपचारांचे काम करते. खाडीकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या सल्ल्याने मला जरा चीड आली. सर्दीखोकल्यात घसा सुजला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर काही दिवस आवाजाला विश्रांती द्यावीच लागते. पण स्नायू बारीक झाल्यामुळे दुबळ्या पडलेल्या आवाजाला महिनोन्महिने गप्प बसवणे म्हणजे उरलेली ताकदही घालवणे होय. शिवाय बोलणे कमी केलेला वृद्ध माणूस हळूहळू चारचौघांत बसणेही कमी करतो, आणि तोटा केवळ घशापुरता राहत नाही.

व्यायामाने स्नायू टिकतात का, तर अनेकांच्या बाबतीत आवाजात निश्चित सुधारणा होते, मात्र व्यायाम नेमका असावा लागतो. जोरात ओरडणे हा व्यायाम नव्हे. जोसेफ स्टेम्पल यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आमच्याकडे फार वापरली जाते. तिचे चार भाग आहेत. पहिल्यात ‘ई’ हा स्वर अगदी हळू आवाजात, थोडा नाकात घुमवून, जितका टिकेल तितका धरायचा. दुसऱ्यात सर्वांत खालच्या स्वरापासून सर्वांत वरच्या स्वरापर्यंत न तुटता सरकायचे, म्हणजे क्रायकोथायरॉइड स्नायू ताणला जातो. तिसऱ्यात वरून खाली यायचे, त्यात गाभ्यातला स्नायू आकुंचन पावतो. चौथ्यात पाच चढते स्वर ओठ गोल ठेवून ‘ओ’वर एकेक करून शक्य तितके लांबवायचे. हे पाच स्वर पाश्चात्त्य पद्धतीने शिकवले जातात, पण प्रत्यक्षात ते शुद्ध सा, रे, ग, म, प हेच आहेत, त्यामुळे कीर्तनकाराला ते शिकवावेही लागत नाहीत. प्रत्येक व्यायाम दोनदा, आणि हा सगळा क्रम सकाळी व संध्याकाळी करायचा असतो. सहा ते आठ आठवडे नियमाने केल्यावरच निष्कर्ष काढावा. यातली खरी मेख म्हणजे हे सारे शक्य तितक्या मृदू आवाजात करायचे असते. मोठा आवाज काढताना माणूस मान आवळून फट लपवू शकतो, मृदू आवाजात तसे करता येत नाही आणि स्वरतंतूंना स्वतः जुळावे लागते.

यासोबत मी नळीचा व्यायाम देते. पेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात नळीचे टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचे आणि नळीतून ‘ऊ’ असा आवाज काढत बुडबुडे काढायचे. बुडबुडे एकसारखे यावेत, गाल फुगू नयेत, मानेच्या शिरा दिसू नयेत. नळीमुळे तोंडात तयार होणारा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि वरच्या घड्यांचा आवळलेपणा सुटतो. कीर्तनाआधी पाच मिनिटे हे केले तरी पूर्वरंगात फरक जाणवेल.

घरी एक साधी चाचणी करता येईल. पूर्ण श्वास घेऊन ‘स्स्स्’ असा नुसता हवेचा आवाज किती सेकंद टिकतो ते मोजा. मग पुन्हा श्वास घेऊन ‘झोप’ या शब्दातल्या पहिल्या अक्षरासारखा घोषयुक्त ‘झ्झ्झ्’ किती टिकतो ते मोजा. दोन्ही साधारण सारखे यायला हवेत. ‘स’ बराच टिकून ‘झ’ लवकर संपत असेल तर गळती स्वरतंतूंपाशी आहे असा अंदाज करता येतो. दोन्ही लवकर संपत असतील तर आधी दमाकडे, म्हणजे फुप्फुसांकडे पाहावे लागते. साधा ‘आ’ निरोगी प्रौढ माणसाला १५ ते २५ सेकंद धरता येतो, आणि तो दहाच्या आत येत असेल तर उपचारांची गरज आहे असे मी मानते.

षड्जपंचम

मी गाणे शिकवतो, वैद्यकातले मला कळत नाही, म्हणून केवळ गाण्याच्या बाजूने लिहितो.

आत्यांनी पट्टी खाली आणली हे उत्तम केले. आमच्याकडे कितीतरी ज्येष्ठ गायिका पन्नाशीनंतर काळी चार किंवा पाचावरून हळूहळू खाली येतात, आणि जुन्या पट्टीचा हट्ट धरणाऱ्यांचा तार षड्ज आधी किंचाळल्यासारखा होतो व नंतर जातोच. पट्टी उतरवण्यात कमीपणा मानण्याची खोड शिष्यांपेक्षा गुरूंनाच अधिक असते, हे मी आमच्याच बिरादरीबद्दल म्हणतो आहे. पुरुषांचे मात्र फसवे असते. आवाज बारीक झाला म्हणून पट्टी चढवावी असे वाटते, पण वरचा पल्लाही वयाने आखूडलेला असतो आणि मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर पोकळ पडलेले असतात. मधल्या सात-आठ स्वरांचा पट्टा सर्वांत उशिरा जातो. अण्णांनी पदांच्या चाली त्या पट्ट्यात फिरतील अशा बेताने निवडाव्यात, लांब ओळीत श्वासाच्या जागा आधीच ठरवाव्यात आणि त्या अर्थाच्या विरामावर पडतील असे पाहावे, म्हणजे शब्द तुटल्यासारखा वाटणार नाही. लय किंचित वाढवली तरी ओळ एका दमात बसते.

आवाज बदलला म्हणून गाणे संपत नाही. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ यांचा आवाज तारुण्यातच अतिगाण्यामुळे गेला होता, तो परतला तरी पहिल्यासारखा राहिला नाही, आणि त्यांची पेचदार तानांची गायकी त्या बदललेल्या गळ्यातून घडली, असे परंपरेत सांगितले जाते. त्याच घराण्याच्या वळणाचे गाणे मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ साली ८१ व्या वर्षी जाईपर्यंत गात होते. त्यांची उतारवयातली ध्वनिमुद्रणे ऐकताना आवाज कसदार पण सडपातळ झालेला जाणवतो. श्वास छोटे आहेत, तरी ते रागाच्या मांडणीत इतके मुरलेले आहेत की कुठे खंड पडल्यासारखे वाटत नाही.

एक सल्ला माझ्याकडूनही. पहाटे खर्जाचा रियाज करावा. मंद्र षड्ज लावून अर्धा तास बसल्यास आवाजाला वजन येते, असा आमच्याकडचा जुना अनुभव आहे.

वाचोपचार

षड्जपंचम यांच्या श्वासाच्या सूचना मी माझ्या रुग्णांनाही सांगणार आहे. खर्जाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ज्याचे स्वरतंतू नीट मिटतात त्याला खर्जाचा रियाज मानवतो, यात वाद नाही. पण ज्याच्या स्वरतंतूंच्या मध्ये फट आहे त्याला खालचा स्वर मुळात लागतच नाही. तो लावण्यासाठी माणूस हनुवटी छातीला टेकवतो, कंठमणी खाली दाबतो आणि घशातून घरघर काढतो, आणि त्यालाच खर्ज समजतो. अर्धा तास असा गेला तर दिवसभराचा आवाज पहाटेच खर्च होतो. मधल्या पट्टीत सुरुवात करून जिथे आवाज पोकळ व्हायला लागतो त्याच्या एक स्वर वरच थांबावे, आणि दर आठवड्याला थोडे खाली उतरता येते का ते पाहावे.

षड्जपंचम

हनुवटी छातीला टेकवून लावलेला खर्ज आम्हीही चुकीचाच मानतो, पण म्हाताऱ्या माणसाकडे तेवढ्या बारकाईने कोण पाहतो, हा आपला मुद्दा मान्य आहे. शिकवणारा समोर बसलेला नसेल तर अण्णांनी खर्जाच्या वाटेला जाऊ नये.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चाचणी घेऊन पाहिली. अण्णांचा ‘स’ १४ सेकंद टिकला आणि ‘झ’ ७ सेकंदांतच संपला. तंबाखूची सवय त्यांना कधीच नव्हती. मात्र दोन गोष्टी मी आधी लिहिल्या नाहीत. एक म्हणजे दम्यासाठी ते गेली काही वर्षे रोज पंप ओढतात. दुसरी म्हणजे आपला आवाज लहान झाला आहे हे त्यांना मान्यच नाही. ‘मी नेहमीसारखाच बोलतो, तुम्हालाच ऐकू येत नाही’ असे ते म्हणतात, आणि स्वतः मात्र दूरदर्शनचा आवाज इतका मोठा ठेवतात की शेजारी बातम्या ऐकून घेतात. इंजेक्शनने किंवा शस्त्रक्रियेने ही फट बुजवता येते असे एकाने सांगितले. ते खरे आहे का, आणि या वयात करावे का?

कंठमणी

दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. दम्याच्या पंपात स्टेरॉइड असेल तर त्याने काहींचा आवाज बसतो आणि घशात बुरशीही वाढू शकते. पंप स्वतःहून बंद करू नये. दमा बळावला तर आवाजाची चर्चाच मागे पडेल. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावून औषध घ्यावे आणि प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून पाणी थुंकावे. गुळण्या स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नसल्या तरी तोंडात व घशाच्या वरच्या भागात साचलेले औषध त्यांनी निघून जाते. औषधाचा प्रकार बदलता येतो का हे दम्याच्या डॉक्टरांना विचारावे, आणि रक्तदाबाच्या वा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादीही सोबत न्यावी, कारण त्यांतल्या काहींनी घसा कोरडा पडतो.

आवाज लहान झाल्याचे स्वतःला न कळणे याची दोन कारणे असू शकतात. ऐकू कमी येत असेल तर माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही, आणि दूरदर्शनबद्दल आपण जे लिहिले आहे त्यावरून श्रवणचाचणी आवश्यकच वाटते. दुसरे कारण कंपवाताचे. त्यातही आवाज लहान व एकसुरी होतो आणि रुग्णाला तो नेहमीसारखाच वाटतो. अक्षर बारीक होत गेले आहे का, चालताना एक हात हलायचा थांबला आहे का, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले आहेत का, हे घरच्यांनी पाहावे. तसे काही आढळले तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे, कारण त्या आजारातल्या आवाजासाठी आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे अशी वेगळी सघन उपचारपद्धती आहे आणि तिचा भर मोठ्या आवाजाचे माप नव्याने अंगवळणी पाडण्यावर असतो.

इंजेक्शनबद्दल आपल्याला मिळालेली माहिती खरी आहे. हायलुरॉनिक आम्लाचे किंवा रुग्णाच्या स्वतःच्या चरबीचे इंजेक्शन स्वरतंतूच्या गाभ्यात दिले की कड मध्यरेषेकडे सरकते. हायलुरॉनिक आम्लाचा परिणाम काही महिने टिकतो, त्यामुळे फायदा होतो का हे अजमावण्यासाठी तो चांगला मार्ग आहे, आणि अनेकदा केवळ जागा बधिर करून हे काम होते. कायमचा उपाय हवा असल्यास मानेवर छोटा छेद घेऊन कूर्चेच्या खिडकीतून आत आधार बसवतात; ही शस्त्रक्रिया जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडली आणि आपल्याकडेही ती होते. रुग्ण जागा असतो आणि टेबलावरच त्याला बोलायला लावून आधार किती आत सरकवायचा ते ठरवतात. पण यापैकी कोणताही उपाय स्नायूला बळ देत नाही, केवळ फट बुजवतो. म्हणून मी दोन-तीन महिने व्यायाम करून घेतल्याशिवाय सुई हातात घेत नाही. याला अपवाद एकच: पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा खोकला दुबळा पडला असेल तर थांबू नये, कारण स्वरतंतू नीट मिटले नाहीत तर अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

१४ आणि ७ हे आकडे गळती स्वरतंतूंपाशी असल्याचे सुचवतात, पण दम्याच्या रुग्णात नुसत्या चाचणीवर विसंबू नये. दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्या.

वाचोपचार

उपचार कुठे मिळतील हे आपण विचारले नाही, तरी लिहिते. दुर्बिणीची तपासणी कोल्हापुरात सहज होईल. आवाजाच्या व्यायामांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवण दोन्ही विभाग आहेत, त्यामुळे अण्णांचे कानही त्याच फेरीत तपासून होतील. पहिल्या एक-दोन भेटी प्रत्यक्ष झाल्या की पुढचे व्यायाम व्हिडिओवरून घेता येतात, आणि कोकणातल्या रुग्णांना मी तसेच सुचवते.

तोवर कीर्तन चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण ध्वनिक्षेपक लावल्याशिवाय त्यांनी उभे राहू नये. उंच खांबावरचा माइक कीर्तनात निरुपयोगी ठरतो, कारण कीर्तनकार हलत असतो आणि नमस्काराला वाकला की आवाज जातो. कानाला अडकवायचा, तोंडाशी राहणारा माइक घ्यावा. पेटी-तबल्याच्या साथीदारांना निरूपण चालू असताना वाद्यांचा आवाज कमी ठेवायला सांगावे, आणि धुपाचे पात्र कीर्तनकाराच्या जवळ ठेवू नये. पूर्वरंग व उत्तररंगाच्या मध्ये नामगजर श्रोत्यांकडून म्हणवून घेतला की अण्णांना तेवढा वेळ गप्प उभे राहून कोमट पाणी पिता येईल.

खाडीकाठ

कोल्हापूरची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली आहे. आत्याही सोबत येणार आहे, तिची थायरॉइडची तपासणी इथेच करून अहवाल बरोबर नेतो. दुर्बिणीत काय दिसले ते या धाग्यावर लिहीन.